त्याला विचारा, जेवलास का

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास शाबूत होता, पण आमचं बोलणं जवळजवळ बंद होतं. हे गेले त्याला दुसरं वर्ष चालू होतं. मुलगी शिकायला मेलबर्नला गेलेली. सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. सकाळी एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, पार चांगी बिझनेस पार्कपर्यंत जायचं, दिवसभर हिशेबात डोकं घालायचं आणि संध्याकाळी परत येऊन देवापाशी दिवा लावायचा. सोमवारचा उपास मात्र मी सोडला नव्हता. कोणी विचारलंच तर श्रद्धा म्हणून सांगायचे. अर्धं कारण, एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा.

हे हयात असताना, काही वर्षांपूर्वी, आम्ही दोघं कैलास-मानसरोवरला गेलो होतो. परिक्रमेत डोल्मा खिंड चढताना यांना विरळ हवेचा त्रास सुरू झाला. ओठ निळे पडले, बोलणं बरळल्यासारखं झालं. गट पुढे निघून गेलेला. मी दगडावर बसून नुसतं ‘महादेवा, महादेवा’ करत होते. तेवढ्यात एक तिबेटी माणूस आला. कानात फिरोजाचा खडा, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, पाठीवर पोतं. पोत्यात आम्हा यात्रेकरूंनीच टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. त्यानं पोतं खाली ठेवलं, यांना पाठीवर घेतलं आणि खिंडीखालच्या तंबूपर्यंत उतरवलं. लोण्याचा खारट चहा पाजला. मी रडत होते, तर मला खुणेनं विचारलं, जेवलीस का, आणि सातूच्या पिठाचा गोळा माझ्या हातावर ठेवला. मी त्याचा फोटो काढला, नाव विचारून घेतलं. मग तो पुन्हा खिंड चढू लागला, राहिलेलं पोतं आणायला. त्याच्यामुळे हे मला आणखी काही वर्षं मिळाले.

सिंगापुरातल्या आमच्या भजनी मंडळात ही गोष्ट फार गाजली. मंडळ बुकित तिमाहच्या एका काकूंच्या कोंडोतल्या फ्लॅटमध्ये भरतं. कोणी नवीन आलं की काकू मला पुढे करायच्या, “हिला साक्षात शंकर भेटले बरं का!” हळूहळू गोष्टीतून पोतं गेलं, तुटका दात गेला, आणि तो माणूस ‘बघता बघता अंतर्धान पावला’. मी एकदोनदा म्हटलं, अहो, तो बाटल्या आणायला गेला. पण बाटल्या कोणालाच नको होत्या.

मग एका दुपारी ऑफिसात डबा खाताना फोनवर तोच चेहरा दिसला. तोच खडा, तोच दात. त्याच्या गावच्या नदीतली वाळू कोणीतरी उपसत होतं. त्यानं गावकऱ्यांना घेऊन तक्रार केली, तर भलताच आरोप ठेवून त्यालाच आत टाकलं होतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. घरचे अजून तिथेच आहेत. त्याच्या सुटकेसाठी परदेशातले काही लोक मोहीम चालवत होते. मागणं साधं होतं: तुरुंगाच्या पत्त्यावर पोस्टकार्डं पाठवा. बाहेर कोणाचं तरी लक्ष आहे हे कळलं की आतली मारहाण कमी होते, असं ते म्हणत. संध्याकाळी येतानाच मी पोस्टकार्डं घेतली.

पुढच्याच आठवड्यात गोकुळाष्टमी होती. दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं, म्हणून आमच्याकडे कृष्ण मध्यरात्रीची वाट न बघता संध्याकाळीच जन्मतो. काकूंनी काळ्या पुठ्ठ्याची कोठडी केली होती, तिला खेळण्यातलं कुलूप. पाळणा झाला, सुंठवडा वाटला, आणि मी पर्समधून कार्डं काढली. सगळं सांगितलं, नुसती सही करा म्हटलं. एकजण म्हणाला, “आमचा वर्क पास रिन्यूअलला आहे हो.” दुसरी म्हणाली, “पॉलिटिक्स नको बाई इथे.” काकू मायेनंच म्हणाल्या, “अगं, ते शंकर होते ना? मग तुरुंगात कसे जातील? तुझी ओळखण्यात चूक होतेय.”

“काकू, आत्ता ज्याचा पाळणा हलवलात, तो कुठे जन्मला?” मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले बहुतेक. मग कोणीतरी, चहा कोणाकोणाला, म्हणून विचारलं. त्यांना दोष तरी काय द्यायचा? माझाही पास वर्षभरात संपणार होता आणि भीती मलाही वाटत होती. पण घरी जाताना ट्रेनमध्ये इतकं परकं वाटलं, की तेवढं हे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

मी दर सोमवारी एकटीनंच कार्ड लिहायला लागले. घरातली शांतता सहन होईना, म्हणून ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, दगडी टेबलापाशी बसायचे. पण लिहिता लिहिता वाटे, तिथल्या कुठल्या पहारेकऱ्याला माझं इंग्रजी कळणार? एका सोमवारी पेन खाली ठेवलं आणि मनात म्हटलं, महादेवा, त्याला सोडवणं तुझ्या मनात नसेल तर नसो. निदान हे लिहिलेलं कोणाला तरी कळू दे.

“ईट ऑलरेडी?”

समोर आमच्याच ब्लॉकमधल्या एक चिनी आजी उभ्या होत्या. लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती ओळख. इथे ते ‘काय, कसं काय’सारखं विचारतात, उत्तराची अपेक्षा नसते. पण मला जेवलीस का म्हणून विचारणारं कोणी उरलंच नव्हतं. मी रडायलाच लागले. आजी समोर बसल्या. मी सगळं सांगितलं, फोटो दाखवला.

फोटो परत करत त्या म्हणाल्या, “माय ब्रदर लास्ट टाइम ऑल्सो इनसाइड. नोबडी राइट लेटर. आय ऑल्सो नेव्हर राइट. स्केअर्ड, लाह.” मग माझ्या हातातलं कार्ड ओढलं. “इंग्लिश, देअर हू कॅन रीड? गिव्ह मी.”

मी सांगत गेले, त्या चिनी अक्षरं काढत गेल्या: या माणसानं काही गुन्हा केलेला नाही, त्याला घरी जाऊ द्या. शेवटी त्यांनी मनानंच दोन ओळी वाढवल्या. काय लिहिलंत, म्हटलं. “आय आस्क, ही ईट ऑलरेडी ऑर नॉट. देअर कोल्ड ऑर नॉट.” मला जरा रागच आला, मोहिमेच्या सूचनांत असलं काही नव्हतं. आजी म्हणाल्या, “एव्हरीबडी राइट, शाउट-शाउट. दिस वन ओल्ड लेडी आस्क. हाऊ टु थ्रो अवे?”

तेव्हापासून दर सोमवारी आम्ही दोघी. माझ्या उपासाचं कळल्यावर त्यांनी हात कपाळावर मारला. “ही इनसाइड हंग्री, यू आउटसाइड हंग्री. हू हेल्प हू?” पुढच्या सोमवारी डब्यातून भाताची पेज आणली. मी महादेवाची माफी मागितली आणि खाल्ली. त्यालाही ते पटलं असावं, कारण त्या दिवसापासून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

तिकडचा दुसरा हिवाळा सरताना मोहिमेतल्या लोकांचा निरोप आला. त्याच्या बहिणीला एकदा भेटू दिलं होतं. तो वाळलाय, पण धडधाकट आहे. एक पहारेकरी अधूनमधून गजांपाशी येऊन त्याला विचारतो, जेवलास का. का विचारतो, ते त्याला कळत नाही. मी आजींना निरोप वाचून दाखवला. “गुड,” त्या म्हणाल्या आणि पुढचं कार्ड ओढलं.

हे आमच्या कार्डांनी झालं, असं मी म्हणत नाही. तिकडेही माणसं एकमेकांना सहजच असं विचारत असतील. तो अजून आतच आहे. तो कधी सुटेल, ते मी महादेवाच्या पायांवर ठेवलंय; कार्ड लिहिणं माझ्याकडे ठेवलंय. पूर्वी मी दोन्ही माझ्याच डोक्यावर घेऊन बसायचे. मंडळात मात्र हा अनुभव मी सांगितलेला नाही. तिथे आजींनाही अंतर्धान पावायला लावतील, आणि मला त्या सोमवारी हव्या असतात.

परवा मला ऑफिसातून यायला उशीर झाला. धावतपळत व्हॉइड डेकमध्ये आले, तर आजी टेबलापाशी बसलेल्या, समोर दोन डबे, दोन्ही झाकलेले. या वेळी मीच आधी विचारलं, “आँटी, ईट ऑलरेडी?”

“नॉट येट,” त्या म्हणाल्या. “वेट फॉर यू.”