वहिनीला कांजिण्या होऊन गेल्या होत्या का?

बोईसरच्या भाड्याच्या खोलीत वहिनीला चौथा महिना सुरू होता, तेव्हा शेजारच्या दोन वर्षांच्या मुलाच्या अंगावर पाण्याने भरलेले फोड उठले. आदल्या संध्याकाळी तो वहिनीच्या मांडीवर बसून जेवून गेला होता. त्याची आई दारातूनच म्हणाली, “दीदी, माता आई हैं. आप इधर मत आना.”

माता म्हणजे कांजिण्या. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी वहिनीला त्या झाल्या होत्या का? झाल्या असतील तर काळजी नाही. नसतील तर आईला आणि पोटातल्या बाळाला, दोघांनाही धोका. वहिनीला आठवेना. तिची आई ती लहान असतानाच गेली, शिरगावच्या मावशीने वाढवलं. मी मावशीला फोन लावला.

“आलं होतं कायतरी अंगावर. गोवर असंल.”

“गोवर की कांजिण्या?”

“आता काय सांगू, बाय? घरात पाच पोरं. एकाचं सरलं की दुसऱ्याला.”

संध्याकाळी दादा प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरीचा डबा घेऊन आला. मी घरी येणारी चळवळीची पत्रकं वाचत मोठी झाले. डब्यावरचा मजकूर वाचून त्याच्याविरुद्ध एक पत्रक काढावंसं वाटलं. प्रतिकारशक्ती ही पिठासारखी डब्यात भरून विकायची वस्तू नव्हे. कातडी आणि नाका-घशातला चिकट थर बाहेरच्याला अडवतात. त्यातून कुणी आत शिरलंच, तर काही पांढऱ्या पेशी फारशी चौकशी न करता त्याला गिळायला धावतात. त्यांच्यामागून दुसऱ्या येतात, सावकाश, कारण त्यांना नेमका हाच विषाणू ओळखायचा असतो. त्या फक्त त्याच्यापुरती, त्याला चिकटून निकामी करणारी प्रतिपिंडं बनवतात. गोवराची कांजिण्यांना चालत नाहीत. आजार सरला की यातल्या बहुतेक पेशी मरतात. थोड्या ती ओळख धरून मागे राहतात, अनेकदा जन्मभर. ही ओळख आजाराने होते किंवा लशीने. पावडरीने होत नाही. आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत.

“डबा परत कर,” मी दादाला म्हणाले.

“झाकण उघडलंय,” वहिनी म्हणाली. “चॉकलेटची चव हाय. राहू दे.”

माणसांना आठवत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. त्यात कांजिण्यांची प्रतिपिंडं नसती, तर बाहेरून तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागलं असतं, तेही वेळेत. फोड यायला दोनेक आठवडे लागतात हे सांगूनही वहिनी सारखी आरशासमोर उभी राहून मान आणि हात बघत होती. चॉकलेटची चवही तिने नंतर घेतली नाही.

रिपोर्ट आला. प्रतिपिंडं होती. ती नाळेतून बाळालाही जातील आणि जन्मानंतर काही महिने टिकतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर येताच वहिनीने फोन लावला.

“मावशी, मला कांजिण्याच झाल्या होत्या.”

“मंग? मी काय बोलली होती!”

“तू गोवर बोलली होतीस.”

“अंगावर आलं होतं बोलली ना? नाव सांगायला मी काय डॉक्टर हाय?”

वहिनी हसली, आणि फोन कानाला धरूनच रडायला लागली.