न जुळलेलं रक्त

ती केस मी विसरलेलो नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेचा सीलबंद लखोटा घरी आला की मी तो लगेच उघडत नाही.

वडील लष्करात, जयपूरच्या छावणीत होते. मी इथेच वाढलो आणि इथल्याच पोलीस दलात लागलो. मानसरोवरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रमुख असताना एक मराठी बाई मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन आल्या. विमा कंपनीत अधिकारी, नवरा वारलेला, बदलीवर आलेल्या. सुरुवात हिंदीत केली, माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि मराठीत रडू लागल्या. एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. कॉलेजला जाते म्हणून निघाली ती परतलीच नव्हती. फोन बंद.

"घरात काही भांडण?" मी विचारलं.

"नाही हो साहेब. काहीच नाही."

इतक्या घाईने 'काहीच नाही' म्हणणारा माणूस काहीतरी गिळत असतो. मी ते मनात ठेवलं आणि मिसिंगची नोंद केली.

दोनेक आठवड्यांनी एका ट्रॅक्टरवाल्याने फोनवर खबर दिली. सांगानेरच्या पुढे पडक्या विहिरीत एका मुलीचं प्रेत होतं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. अंगावर छपाईचा निळा कुर्ता, आणि बाईंची मुलगी तशाच कुर्त्यात घरातून निघाली होती. हवालदार म्हणाला, "साब, वही है." मी त्याला झापलं. असे कुर्ते जयपुरात गल्लोगल्ली मिळतात. पण आतून मीही हादरलो होतो. माझी मुलगी त्याच वयाची. त्या दिवसांत मी तिला उगाचच फोन करत राहायचो आणि ती वैतागायची.

ओळख पटवायला डीएनएशिवाय मार्ग नव्हता. मुलीचा निम्मा डीएनए आईकडून आलेला असतो, म्हणून बाईंच्या रक्ताचा नमुना घेतला आणि प्रेताच्या दाताबरोबर तपासणीला पाठवला. अहवाल आला. मायलेकीचं नातं जुळत नव्हतं. ठाण्यात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी बाईंना बोलावून सांगितलं, "ताई, ती तुमची मुलगी नाही."

अशी बातमी ऐकून माणूस रडतो, देवाचं नाव घेतो, आपले हात धरतो. या बाईंनी फक्त मान हलवली. ओठ पांढरे पडले होते.

मी महिला कॉन्स्टेबलला त्यांच्याजवळ बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"आता खरं बोला ताई. कशाला घाबरताय?"

त्यांनी लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "माझं रक्त जुळणारच नव्हतं, साहेब. ती तान्ही असताना नाशिकच्या संस्थेतून आम्ही तिला दत्तक घेतलं."

म्हणजे त्या अहवालाला काही अर्थच नव्हता. विहिरीतली मुलगी अजूनही तीच असू शकत होती.

"मग रक्त दिलंत कशाला?"

"ती नाही, असं कोणीतरी म्हणावं म्हणून. खोटं का होईना."

मला चिडायला हवं होतं, पण चिडता आलं नाही. बाकीचं हळूहळू निघालं. बदलीची नोकरी, दर वेळी नवं गाव, नवे शेजारी. दत्तकाचं माहीत असलेली माणसं मागे राहत गेली आणि मुलीला सांगायचंही राहून गेलं. शेवटी एका नातेवाईक बाईने फोनवर मुलीला दत्तक असल्याचा टोमणा मारला. त्यावरून घरात मोठं भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी ती निघून गेली.

त्याच दिवशी मी एक पथक नाशिकला धाडलं. प्रेताशी थेट जुळवायला मुलीच्या वापरातली वस्तू हवी होती, म्हणून आम्ही बाईंच्या घरी गेलो. तिचा टूथब्रश बेसिनवरच होता. बाई आडव्या उभ्या राहिल्या.

"मागच्या वेळी मला माहीत होतं, जुळणार नाही. हा जुळला तर?"

कॉन्स्टेबलने त्यांना धरून बाजूला केलं. मी हातमोजे घालून ब्रश कागदी पाकिटात ठेवला आणि पंचांसमोर सील केलं.

अहवाल येईपर्यंत बाई रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायच्या. फोन वाजला की उभ्या राहायच्या. हवालदाराने शेवटी फोन आतल्या खोलीत नेऊन ठेवला. मीही टपाल आलं की आधी दुसरे कागद बघायचो, इतकी माझी हिंमत गेली होती.

ब्रशही जुळला नाही. या वेळी बाई जमिनीवर बसल्या आणि हंबरडा फोडून रडल्या. थोड्या दिवसांनी पथकाला मुलगी नाशिकच्या एका वसतिगृहात सापडली. जन्म देणाऱ्या आईचं नाव मिळावं म्हणून ती त्या संस्थेच्या चकरा मारत होती. ठाण्यात आणल्यावर म्हणाली, "मी परत येणारच होते ना. मतलब, मला फक्त बघायचं होतं, कोण आहे ती." बाईंनी आधी तिच्या थोबाडीत दिली, मग तिला पोटाशी धरलं.

डीएनए खोटं बोलत नाही, हे खरं आहे. पण नमुना कोणाचा आणि का दिलाय, हे त्याला कळत नाही. ते माणसाच्या तोंडाकडे बघून पोलिसालाच कळावं लागतं. त्यानंतर नातेवाइकांचं रक्त घेण्याआधी, सगळ्यांना बाहेर काढून, एकेकट्याला विचारायची मी सवय लावून घेतली.

निघताना बाई दारात थांबल्या.

"साहेब, मग ती विहिरीतली कोणाची?"

तपास चालू आहे, असं मी म्हणालो. तिच्यासाठी कधीच कोणी आलं नाही. अंत्यसंस्कार आम्हीच केले. ब्रशचा अहवाल येईपर्यंत बाई, हवालदार आणि मी, आम्ही सगळे देवाकडे एकच मागत होतो, की ही दुसऱ्या कोणाची तरी निघू दे. देवाने आमचं ऐकलं, याची मला अजून भीती वाटते.