खटका, कापसाचा डबा आणि हसनाबादची वाट

पौषातल्या एका रविवारी माझा मालडबा चौथ्यांदा त्याच जागी रुळावरून उतरला, आणि मी हसनाबादला जायचं नक्की केलं.

डबा बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचा, वीतभर लांब. जालन्यात माझं शिवणयंत्रं आणि ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत फळ्या जोडून मी एक आख्खं रेल्वे ठाणं उभं केलं आहे. कापसाच्या गठाणींना ज्या लोखंडी पट्ट्या बांधतात, त्याच उभ्या बसवून रूळ केले. इंजिन रॉकेलच्या डब्याचं, आणि त्याच्या पोटात मोडक्या ग्रामोफोनची स्प्रिंग. ज्यांना हा नाद लावून घ्यायचा आहे त्यांना दोनच गोष्टी सांगतो. पट्टी वाकवण्याआधी तापवा, आणि बायकोला विचारल्याशिवाय घरातली खोली अडवू नका. आमच्या घरात या रेल्वेला 'सवत' म्हणतात.

हे ठाणं मी मनाने रचलेलं नाही. जालना आणि बदनापूर यांच्या मधे ते खरोखर होतं. आता तिथे गाडी थांबत नाही. त्याचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. वीस-बावीस वर्षांचा असताना मी तिथे दिवाखोलीत कामाला होतो. कंदिलांच्या काचा पुसायच्या, वाती कापायच्या, तेल भरायचं. शिक्षण चौथी. बाकीचं सगळं मला सांधेवाल्या धोंडिबामामाने शिकवलं. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घेण्यासाठी रुळांची पाती सरकवतात, ते सांधे. सांध्यांशेजारी एक लोखंडी दांडा असतो, त्याला गोल वजन. दांडा पलटला की वजन पलीकडे आदळतं आणि खाड् असा आवाज होतो. आम्ही त्याला खटका म्हणायचो. खटका टाकल्याशिवाय मामाने कधी गाडी घेतली नाही.

पण एका दुपारी बदनापूरकडून आलेली मालगाडी बाजूच्या रुळावर घेताना कापसाचा एक डबा सांध्यावरच घसरला. माणूस दगावला नाही, पण लाइन दिवसभर बंद पडली. चौकशीला साहेब आले. त्यांनी मला विचारलं, "तू दिवाखोलीत होतास. खटक्याचा आवाज ऐकलास का?" मला माझ्या कानांचा तेव्हापासूनच गर्व. इंजिन दिसण्याआधी नुसत्या शिटीवरून ते कोणतं हे मी सांगायचो. मी म्हणालो, "नाही साहेब. खटका वाजला असता, तर मला ऐकू आलाच असता."

पहिलं वाक्य पुरेसं होतं. दुसरं मी ऐटीत जोडलं, आणि साहेबांनी तेच लिहून घेतलं. खटका टाकला होता, एवढंच मामा सांगत राहिला. त्याची नोकरी गेली. तो बायकोला घेऊन हसनाबादला, भावाच्या शेतावर गेला. पुढे मीही ठाणं सोडून जालन्याला आलो. माझं बस्तान बसलं, आणि ती गोष्ट मी मनाच्या कोपऱ्यात सारून दिली.

ती वर काढली या बिस्किटाच्या डब्याने. खेळण्यातले सांधे बिनचूक बसायचे. पातं आणि रूळ यांच्यात विडीचा कागदसुद्धा जात नव्हता. तरी डबा घसरे. रिकामा घसरत नसे, सगळीकडे सारखा भरला तरी नाही. सगळं वजन एका अंगाला ठेवलं, की मात्र पाचात एकदा उतरे. सांध्याआधीच्या वळणावर त्याचं एक चाक हलकं होऊन उचलत होतं. आणि मग मला आठवलं, की घसरलेल्या त्या डब्यात गठाणी एकाच बाजूला रचलेल्या होत्या. उरलेली बाजू जालन्यात भरायची होती.

म्हणजे खटका टाकलेला असूनही डबा घसरू शकत होता. मी एका वकिलाकडून अर्ज लिहून घेतला, सांधे आणि डबा ट्रंकेत भरले, आणि निघालो. अर्जावर मामाचा अंगठा घ्यायचा, चौकशी पुन्हा उघडायची, त्याच्या नावावरचा डाग पुसायचा, असा माझा बेत होता.

जालन्याहून हसनाबादला जायचं तर भोकरदनच्या रस्त्याने सरळ जाणं सोयीचं. तुम्ही तसंच जा. मी मुद्दाम बदनापूरवरून गेलो, कारण मला जुनं ठाणं बघायचं होतं. सकाळच्या गाडीला तिसऱ्या वर्गात गर्दी बेताची असते. इंग्रजी मुलखातून येणाऱ्यांनी कलदार रुपये आधीच मोडून इकडे चालणारा हाली सिक्का घ्यावा. प्लॅटफॉर्मवर मोडलात तर नुकसान ठरलेलं.

माझ्यासमोर दोन शेतकरी बसले होते. एकाने नुकतंच मनमाड पाहिलेलं. तो म्हणत होता, "तिकडं दोन रुळांत केवढं अंतर हाये. आपलेच असे आखूड काहून?"

दुसरा तंबाखू मळत म्हणाला, "अंथरूण पाहून पाय पसरले सरकारनं."

आमची लाइन आली तेव्हा इंजिनापुढे नारळ फोडायला गावंच्या गावं लोटली होती, असं जुनी माणसं सांगतात. मी अशा गोष्टी जमवतो, जुनी तिकिटंही जमवतो. त्या दोघांना काही विचारणार, तेवढ्यात आमचं ठाणं आलं आणि गेलं. दिवाखोलीचं छप्पर उडालेलं. मास्तरांच्या क्वार्टरपुढचा लिंब तेवढा उभा. सांधे काढून नेलेले. मला वाटलं होतं त्याहून सगळं लहान होतं.

बदनापूरला स्टेशनाबाहेर मिरचीची भजी चांगली मिळतात, चहा मात्र साखरेचा पाक. तिथून हसनाबादला एक दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, ठरवली. पूर्ण दिवसाचे गाडीवानाने दोन हाली रुपये सांगितले, दीडवर तुटलं. वाटेत पाणी सोबत ठेवा. हा मोसम असेल तर खाण्याची काळजी करू नका. ज्वारी हुरड्यात आलेली असते, आणि कोणत्याही शेतातून हाक येते.

गाडीवानाची नजर ट्रंकेवर होती. शेवटी त्याने विचारलं, तसं मी सांगितलं की आत रेल्वे आहे.

"मंग बैल कशाला जुंपायला लावले, मालक?" तो म्हणाला. "तिलाच काढा की भाईर."

गिरजा नदीत पाणी घोटाभर होतं. दिवस मावळायच्या आत हसनाबादला पोचलो. धोंडिबामामा अंगणात बसून चामड्याची वादी वळत होता. पाठीत वाकला होता, पण हात तेच. त्याने मला नीट न्याहाळलं.

"रामा दिवावाला," तो म्हणाला. "आलास व्हय."

मामीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि आत गेली. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि लसणाचा ठेचा होता. मामाने पिकाचं विचारलं, माझ्या मुलाबाळांचं विचारलं. रेल्वेचं नाव काढलं नाही. मामी वाढता वाढता एवढंच म्हणाली, की ठाणं सोडल्यापासून ते गाडीत बसले न्हाईत. भाच्याच्या लग्नाला औरंगाबादला सुद्धा बैलगाडीनं गेल्ते.

सकाळी अंगणात ऊन आल्यावर मी ट्रंक उघडली, फळी मांडली, रूळ जोडले. मामा उकिडवा बसून बघत होता. पाहता पाहता त्याचं बोट आपसूक पात्यावर गेलं.

"बसलंय बराबर," तो म्हणाला.

मी डब्यात एका अंगाला शिसं ठेवलं आणि डबा ढकलला. तीनदा गेला. चौथ्यांदा सांध्यावर येऊन कलला आणि घसरला. मग मी वळण दाखवलं, उचलणारं चाक दाखवलं, गठाणींची आठवण दिली. म्हटलं, "मामा, तुमची चूक नव्हती."

त्याने दोन बोटांत तो इवला दांडा धरला आणि पलटला. खाड्. या आवाजासाठी मी दोन महिने घालवले होते. शिवणयंत्राच्या चाकाचा तुकडा घडवून त्याखाली बाभळीचं लाकूड बसवलं होतं, खऱ्या खटक्याचाच आवाज लहान होऊन यावा म्हणून.

मामा हसला. "आवाज बराबर काढला रे. पण त्या दिवशी असा वाजला न्हाई."

मला कळेना. दारात मामी सुपात बाजरी पाखडत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "कसा वाजंल? गोणपाट बांधेल व्हतं त्याला."

मग तिनेच सांगितलं. स्टेशनमास्तरांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. क्वार्टर सांध्यांना लागून. पोर दिवसभर किरकिर करायचं, दुपारी कुठे डोळा लागला की खटका आदळायचा आणि मायलेकरं दचकून उठायची. मास्तरांनी मामाला सांगितलं, काहीतरी कर. मामाने वजनाला गोणपाट गुंडाळलं. डबा घसरला त्या दुपारपर्यंत आठ दिवस ते तसंच होतं; साहेब यायच्या आधी त्याने ते सोडून टाकलं.

आठ दिवस. रोज गाड्या येत होत्या, रोज सांधे पलटत होते, आणि गाड्या बराबर जात होत्या. त्या आठ दिवसांत मी एकही खटका ऐकला नव्हता, आणि हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. आवाज आला असता तर मी सांगितला असता. आठ दिवस आवाज नव्हता, हे सांगायला मात्र कान पुरले नाहीत. साहेबांना मी त्या एकाच दुपारचं सांगितलं.

मामा आत गेला, गोणपाटाची चिंधी आणि कांद्याचं एक साल घेऊन आला. चिंधी माझ्या खटक्याला गुंडाळून त्याने दांडा पलटला. आवाज झाला नाही. मग त्याने पातं आणि रूळ यांच्यात कांद्याचं साल सारून पाहिलं. जाईना. पुन्हा पलटून पाहिलं. जाईना.

"बसतंय की," तो मामीला म्हणाला. "बघ, पुरं बसतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला आजवर वाटून राह्यलं, गोणपाटामुळं पातं अर्धं राह्यलं आसंल."

मी अर्ज काढला. खेळण्यावर कचेरी निकाल फिरवत नाही हे मलाही ठाऊक होतं, पण निदान प्रयत्न तरी करू, असं म्हणालो. मामाने कागद हातात घेतला आणि परत दिला.

"कचेरी इचारंल, आवाज काहून आला न्हाई. मंग गोणपाट सांगावं लागंल. कुणासाठी, ते बी. बाळंतिणीचं नाव सरकारी कागदात न्हाई घालायचं, रामा. तवा घातलं न्हाई, आता काय घालू?"

"मास्तरानं तरी कुठं तोंड उघडलं," मामी म्हणाली.

मी मामाचे पाय धरले. म्हटलं, मी चुकलो. त्याने मला उठवलं.

"तू खोटं बोलला न्हाई. ऐकलं न्हाई ते न्हाई म्हणला." मग रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात तो म्हणाला, "फकस्त येवढं बी म्हणायचं व्हतं, की धोंडिबा म्हणतो टाकला, म्हंजी टाकला आसंल."

निघताना मामीने हुरड्याची पुरचुंडी बांधून दिली. ठाणं बघायला जालन्याला या, असं मी दहादा विनवलं. मामा म्हणाला, "तुझ्या घरी हाये न ते, बास झालं." ही हकीकत लिहू का, हेही विचारलं. लिही, पण त्या पोरीचं नाव नको, असं त्याने बजावलं. म्हणून ठाण्याचं नाव नाही, मास्तरांचं नाही, आणि धोंडिबा हेही त्याचं खरं नाव नाही.

परतीला सरळ रस्त्याने आलो. वाट चांगली आहे, बैल दमत नाहीत, एका दिवसात होतं. सांगण्यासारखं काही घडलं नाही, किंवा घडलं असेल तर माझं लक्ष नव्हतं.

अर्ज दुकानाच्या गल्ल्यात पडून आहे. तो फाडवत नाही आणि धाडवतही नाही. सांध्याआधीचं ते वळण नीट करायला मला एक दुपार पुरेल, पण ते तसंच ठेवलं आहे. रविवारी लोक ठाणं बघायला येतात. ज्यांनी ते आधी पाहिलंय ते विचारतात, तुमचा तो नामी खटका वाजत का नाही, आणि त्याला ही गोणपाटाची चिंधी कशाला? पूर्वी या खटक्यावर मी तासभर बोलायचो. आता कोणी खटका खरंच टाकलाय का याची खात्री करायला वाकून पाहू लागलं, की मी त्याला थांबवतो. धोंडिबा म्हणतो टाकला, म्हणजे टाकला.