आयत्या वेळचा विषय: गेम कन्सोल

बाळांनो, त्यांचा गेम कन्सोल कंपनीने बुडवला, असं तुमचे बाबा परवा फोनवर तुम्हाला सांगत होते. ज्या सोसायटीच्या सभेत हा वाद झाला, तिचं इतिवृत्त तुमच्या या आजीनेच लिहिलं आहे, म्हणून खरं काय ते आत्ताच सांगते.

तेव्हा मी जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते आणि बाबा कॉलेजात होते. कंपनी कन्सोल बंद करतेय हे कळल्यावर त्यांनी जेवण सोडलं. सोसायटीच्या लेटरहेडवर कंपनीला निषेधाचं पत्र पाठवा, हा एकच हट्ट. शेवटी वार्षिक सभेत, पाण्याच्या टाकीनंतर, मी तो आयत्या वेळचा विषय म्हणून घेतला.

"कंपनी जाहिरातच करत नाही, काका!" बाबा कळवळून म्हणाले.

"आणि तू काय केलंस?" तळमजल्यावरचे काका म्हणाले. "माझी नात खेळायला आली, तर म्हणालास, बटणं झिजतात."

"तो खऱ्या चाहत्यांसाठी आहे."

"मग बस एकटाच चाहता!"

'दोष चाहत्याचा' असा ठराव मंजूर झाला. सूचक काका, अनुमोदक मी. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी स्वतःच काकांच्या नातीला बोलावून आणलं.

कंपनीने कन्सोल बंद केलाच. आपला माझ्या कपाटात आहे, अजून चालतो. बटणं मात्र पार झिजली आहेत.