पॉलिशवाला घरजावई

रंगनाथ वानखेडे मूळचा वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडचा. एकोणिसाव्या वर्षी तो पुण्यात आला, हडपसरला कंपनीत लागायचं म्हणून. आणि लागला सोलापूर रस्त्यावरच्या एका वॉशिंग सेंटरवर. तिथे ज्या फडक्याने चाकं पुसायची त्यानेच बॉनेट पुसायचं. चौथ्या दिवशी एका काळ्या गाडीवर ऊन पडलं आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक ओरखडे दिसले. हे आपल्याच हाताने पडलेत, हे त्याच्या लक्षात आलं. "पाप केल्यासारखं वाटलं होतं," तो मला म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची दुसरी बादली आणली. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत हातमोजा खंगाळायचा. मालक म्हणाला, "लग्नाचा स्वयंपाक आहे का?"

आज त्याच्या पिशवीत काय काय असतं ते मी पाहिलंय. मेंढीच्या लोकरीसारखा मऊ हातमोजा. फडकी तीन रंगांची, आणि चाकांचं फडकं वरच्या अंगाला लागलं तर ते सरळ फेकून देतो. मळलेल्या कणकेसारखी क्ले, जी ओल्या पत्र्यावरून फिरवली की डोळ्यांना न दिसणारी कच गोळा करते. लोखंडाची बारीक धूळ काढायचं एक औषध, फवारलं की जांभळे ओघळ येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. एसीच्या जाळीसाठी दाढीचा ब्रश. दुकानातले दहा ब्रश वापरून तो शेवटी त्यावरच परत आला. पॉलिशचं हलकं मशीन, ज्याची चकती गोल फिरता फिरता डगमगते, त्यामुळे एका जागी तापत नाही. आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे मुठीएवढं यंत्र, रंगाची जाडी मोजणारं. ते पत्र्याला टेकवलं की आकडा दिसतो. "गाडी खोटं बोलत नाही," तो म्हणतो. "मालक बोलते."

श्रद्धा त्याला भेटली ती मुंढव्याच्या एका शोरूममध्ये. ती पुढे डेस्कवर होती, तो मागे नव्या गाड्या चकचकीत करून द्यायचा. दोन वर्षांनी लग्नाची गोष्ट तिच्या घरी गेली. तिचे वडील गेनबा घुले म्हणजे हडपसरजवळच्या मांजरी गावचे जुने ऊसवाले. बरीचशी जमीन इमारतींखाली गेली होती, रस्त्याकडेचा एक तुकडा उरला होता. त्यांनी आरडाओरडा केला नाही. रंगनाथला बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "पोरगी वाशीमला जायची न्हाई. तू हितं ये. घर मोठं हाय."

रंगनाथ तेव्हा चौघांत एक खोली घेऊन राहत होता. त्याला ही अट वाटलीच नाही.

लग्नानंतर सहा महिन्यांत रस्त्याकडेच्या त्या तुकड्यावर शेड उभी राहिली. पांढरे दिवे, पाणी जायला लोखंडी जाळ्या, सगळं रंगनाथने सांगितलं तसं. पाटी लागली तेव्हा तिच्यावर नाव होतं 'पियुष कार डिटेलिंग स्टुडिओ'. पियुष म्हणजे श्रद्धाचा धाकटा भाऊ. तेव्हा तो बारावीला दुसऱ्यांदा बसला होता. "घरचं नाव हाय," गेनबा म्हणाले, आणि पेढा रंगनाथच्या तोंडात आधी घातला.

दहा वर्षं झाली त्याला. पियुष फोन घेतो, रील बनवतो, गिऱ्हाइकाला आकडे सांगतो. काम रंगनाथ करतो. घरात त्याला कुणी कधी उलटं बोललं नाही, हेच तर अवघड. सासूबाई सरुबाई पहिली गरम भाकरी त्याच्याच ताटात टाकतात. मुलगी संस्कृती आजोबांच्या मांडीवर वाढली. पण रिसोडला जायचं म्हटलं की गेनबा विचारतात, "किती दिस?" आणि त्या विचारण्यातच उत्तर असतं. मोटरसायकल घेऊन कोपऱ्यावर गेला तरी सरुबाई ओट्यावरून विचारणार, "जावईबापू, कुठं?" तो सांगतो आणि जातो. एकदा त्याने नुसतं "हे काय, इथंच" म्हटलं, तर रात्री जेवताना तीन जणांनी विचारलं, काही झालंय का.

दोन वर्षांपूर्वी त्याचा जुना सोबती अभिनव बाणेरला स्वतःचं दुकान काढत होता. म्हणाला, "रंग्या, भागीत ये. पाटीवर दोघांची नावं." रंगनाथने आठवडाभर मनात घोळवलं आणि मग जेवताना विषय काढला.

पियुषचा घास हातात राहिला. "दाजी, मग इथला सीन कसा होणार? पुढच्या महिन्याचं बुकिंग फुल आहे."

गेनबांनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "तुला हितं काय कमी हाय?"

रंगनाथने ताटाकडे पाहिलं. वांग्याची भाजी, ठेचा, दही. आत फ्रिजचा आवाज येत होता. श्रद्धा मान खाली घालून मुलीला भरवत होती.

"काही नाही," तो म्हणाला.

"आमी तुला जावई न्हाई, पोरगा मानला," गेनबा म्हणाले आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले. सरुबाईंनी न विचारता त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तीही त्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशी शेडच्या मागे पाण्याच्या टाकीआड उभं राहून त्याने अभिनवला नाही म्हणून कळवलं.

मग यंदाच्या जानेवारीत विद्वांसबाई आपली गाडी घेऊन तिथे गेल्या. बाई आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत माझ्या समोरच राहतात. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गाडी मरून रंगाची, बावीस वर्षांची, यजमानांनी हौसेने घेतलेली. यजमान गेल्यावर ती वर्षभर आच्छादनाखाली होती. पियुषने त्यांना सांगितलं, "मॅडम, नव्वद टक्के ओरखडे जातील. गाडी नवी वाटेल."

रंगनाथने यंत्र टेकवलं. दारांवर शंभर, छतावर एकशेपाच, बॉनेटच्या पुढच्या कडेला सत्तर. त्याने बाईंना आकडे दाखवले. "इथं कुणीतरी आधीच खूप घासलंय. वरचा पारदर्शक थर नावालाच उरलाय. इथं मी मशीन लावणार नाही. ओरखडे थोडे राहतील, पण रंग राहील."

"म्हणजे सत्तर मायक्रॉन," बाई म्हणाल्या. "कळलं. राहू द्या ओरखडे. मलाही आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथ संस्कृतीला शाळेतून आणायला गेला होता. पियुषला रील करायचं होतं: अर्धं बॉनेट मळकं, अर्धं आरशासारखं. त्याने जोरात फिरणारं मोठं मशीन काढलं आणि कडेवर टेकवलं.

रंगनाथ परत आला तेव्हा मशीन जमिनीवर होतं आणि त्याच्या पांढऱ्या चकतीला मरून रंग लागला होता. हाताला रक्त लागावं तसा. पारदर्शक थर संपल्याशिवाय चकतीला रंग लागत नाही. बॉनेटच्या कडेला हातभर लांबीचा निस्तेज, भुरकट डाग होता.

"दाजी, घासून होईल ना काहीतरी?" पियुषने विचारलं.

"आता घासायला काय उरलंय?"

संध्याकाळी विद्वांसबाई आल्या. गेनबा नेहमीसारखे दारात खुर्ची टाकून बसले होते. बाईंनी डाग पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे कोणी केलं?"

पियुष म्हणाला, "मॅडम, म्हणजे... गाड्यांचं सगळं दाजीच बघतात."

बाई रंगनाथकडे वळल्या. "तुम्ही केलंत?"

रंगनाथने गेनबांकडे पाहिलं. गेनबा रस्त्याकडे बघत होते. नाही म्हटलं, तर रात्री त्याच ताटावर बसायचं होतं. सकाळी त्याच ओट्यावरून उतरायचं होतं.

"हो," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. "कालचे आकडे चोवीस तासांत विसरलात? स्मरणशक्तीसाठी काही घेत चला." आणि गाडी घेऊन गेल्या.

घरी आल्यावर गेनबा एवढंच म्हणाले, "पोरगं अजून ल्हान हाय." पोरगं अठ्ठावीस वर्षांचं होतं.

रंगनाथला वाटलं होतं, श्रद्धाला कळलं की ती भावावर चिडेल. ती त्याच्यावरच चिडली. माडीवर दार लावून ती म्हणाली, "तुम्ही हो का म्हणालात?"

"मग काय म्हणायला पाहिजे होतं? तुझ्या बापासमोर, तुझ्या भावाला खोटं पाडू?"

"तुम्ही कधी काही बोलतच नाही. मला वाटायचं, तुम्ही सुखात आहात."

"बाणेरचं बोललो होतो ना. तू मान खाली घातली."

ती पलंगावरची चादर सारखी करायला लागली. मग म्हणाली, "मला भीती वाटली होती. तिकडे गेलो आणि नाही चाललं तर परत यायला तोंड राहणार नाही." दहा वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं की या घरात तो एकटाच अडकलेला नाही.

त्या रविवारी तो घरात काही न सांगता पिशवी घेऊन बिबवेवाडीला आला. नोंदवहीतला पत्ता त्याने लिहून घेतला होता. विद्वांसबाईंनी दार उघडलं.

"ते मी केलं नव्हतं," तो म्हणाला. चपलाही काढल्या नव्हत्या.

"ते मला तिथेच समजलं होतं. वर्गात चाळीस वर्षं काढलीत मी. दुसऱ्याचं नाव झाकणारा चेहरा ओळखता येतो. आत या, चहा घ्या."

डाग पॉलिशने जाण्यासारखा नव्हता, हे त्याने त्यांना स्पष्ट सांगितलं. पुढे रंगकाम करावंच लागेल. पण तोवर पाणी मुरू नये म्हणून त्याने त्या कडेवर मेणाचे दोन हात दिले आणि उरलेली गाडी तीन तास बसून हाताने, बोटांच्या टोकांनी केली. मी खाली उतरलो तो गाडी पाहूनच, आणि तिथेच आमची ओळख झाली. पुढच्या रविवारी माझी गाडी, मग वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची. तो यायला लागला. काम करताना मध्येच थांबून तो पार्किंगमध्ये नुसता उभा राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही. कुणी हाक मारत नाही ना इथं."

मे महिन्यात पियुषला हे समजलं. त्याला राग आला नाही. उलट आनंद झाला. आठवड्यात रील आलं, 'आता आम्ही तुमच्या दारी'. पियुषच्या नावाचे निळे टी-शर्ट छापून आले. गेनबांनी जुनी पिकअप व्हॅन रंगवून घेतली, तिला हार घातला आणि किल्ली रंगनाथच्या हातात ठेवली. "तुझीच आयडिया. झाली का न्हाई मोठी?"

सगळे कौतुकाने त्याच्याकडे पाहत होते. सरुबाईंनी शिरा केला होता. रंगनाथने किल्ली ओट्यावर ठेवली.

"सोमवार ते शनिवार तुम्ही म्हणाल ते," तो म्हणाला. "रविवार माझा आहे. व्हॅन नको, टी-शर्ट नको."

"तुझा म्हंजे?" गेनबांना खरोखरच कळेना. "घरात तुझा-माझा कधीपासून?"

श्रद्धा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बाबा, राहू दे ना त्यांना," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिला ते दोनदा म्हणावं लागलं.

त्यालाही आता पाच महिने होतील. रविवारचे चार-पाच तास त्याचे आहेत. कामात त्यापलीकडे काही बदललेलं नाही. सोमवारी सकाळी तो त्याच पाटीखाली शटर वर करतो. अभिनवने बाणेरला दुसरा भागीदार घेतला. गेनबा आता त्याच्याशी बोलतात ते संस्कृतीच्या मार्फत: "तुझ्या पप्पाला म्हणावं, पाण्याची मोटर बंद कर." पप्पा शेजारीच उभा असतो. तो मोटर बंद करतो.

मागच्या आठवड्यात मी त्याला विचारलं, "पुढे काय ठरवलंय?"

तो माझ्या गाडीच्या आरशामागची धूळ काढत होता. "श्रद्धा फुरसुंगीला एक भाड्याची खोली बघून आली," तो म्हणाला. "नुसती बघून आली. मला सांगितलं नव्हतं तिनं आधी." मग त्याने दाढीचा ब्रश झटकला आणि दुसऱ्या बाजूचा आरसा घेतला.