आमचा पोळा भादव्यात

लोणावळ्याच्या दवाखान्यात नातसुनेची पहिलीच सोनोग्राफी होती. काँप्युटरनं पोटातल्या बाळाचं डोकं मोजलं, मांडीचं हाड मोजलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तारखेच्या मानानं बाळ महिनाभर मागं आहे. वाढ खुंटलीय." पोर रडायला लागली. वर बाई मलाच विचारतात, "आबा, सुनेला जेवायला घालता की नाही?"

माझं डोकंच सणकलं. मी चौथी नापास, पण बरोबर एक महिना म्हटल्यावर मला शंका आली. मी विचारलं, "तारीख लिवली कुणी?"

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "यांनीच सांगितलं, शेवटची पाळी पोळ्याला आली. मी कॅलेंडरात पोळा बघून तारीख टाकली."

"अगं बये, त्यो श्रावणातला! आमच्या आंदर मावळात बैलं भादव्याच्या अवसेला सजत्यात, एक म्हैना मागनं!"

बाईंनी तारीख बदलली. बाळाचं माप बरोबर निघालं. त्या हसल्या, "म्हणजे मशीन बरोबरच होतं, आबा."

"मशीनला कोण बोलतंय? पोरीला तुमी रडवलंय. तिच्याशी बोला."

बाईंनी तिची माफी मागेपर्यंत मी खुर्चीवरनं उठलो न्हाई.