लीलाधरच्या खांद्यावरचा घड

मला माहीत होतं. जवळजवळ दोन वर्षं माहीत होतं, आणि मी लीलाधरला सांगितलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहिताना माझी लेखणी मलाच वाचवायला बघेल. गेल्या दीड महिन्यात ही खोड माझी मला पुरती कळली आहे. आमच्या सायकल चालवणाऱ्यांच्या गटानं त्याची शोकसभा ठेवली, तिथं मी त्याच्या जिद्दीवर बराच वेळ बोललो. लोकांचे डोळे भरले, माझेही भरले. आणि जे सांगायला उभा राहिलो होतो, नेमकं तेवढं न सांगता खाली बसलो.

फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. जळगावात माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, गिऱ्हाईक बहुतेक केळीवाले. फोन सावद्याहून होता, सुमनवहिनींचा, लीलाधरच्या बायकोचा. "भाऊ, हे पडले," एवढंच म्हणाल्या. माझ्या डोळ्यांपुढे ट्रक आला. सायकलवाला पडला म्हटलं की आमच्या मनात पहिला ट्रकच येतो. पण वहिनी म्हणाल्या, रस्त्यावर नाही, दारातच. पहाटे निघून सातपुड्यातला पालचा घाट चढून-उतरून आले, फाटकाशी थांबले, पॅडलमध्ये अडकवलेला बूट वेळेवर सुटला नाही आणि उभ्याचे आडवे झाले. असं पडणं आम्हा सगळ्यांच्या नशिबी एकदा तरी येतं. आजूबाजूचे हसतात, आपणही धूळ झटकत हसतो. लीलाधर उठलाच नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. जळगावला आणलं, ऑपरेशन नीट पार पडलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मला सांगत होता की सायकलचं हँडल वाकलंय का तेवढं बघून या. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा पुढ्यात असताना, रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली… बावन्न वर्षांचा माणूस. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. अर्ध्या तासात संपलं.

मी अजून त्या सकाळीच उभा आहे असं मला वाटतं. दिवसभरात धुळ्याला जाऊन परत येणारा माणूस, सातपुड्याचा चढ गाणं गुणगुणत चढणारा माणूस, स्वतःच्या दारात, शून्य वेगाला पडून मरतो, हे डोक्यात बसतच नाही. पण त्याहून मोठा धक्का मला त्याआधीच बसला होता. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मला विचारलं, हे काय करतात? मी म्हटलं, केळीची शेती, आणि सायकल. डॉक्टर म्हणाले, "हृदय तिशीतल्या माणसाचं आहे. हाडं मात्र पंच्याहत्तरीची." हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तेव्हा ते माझ्याबद्दल होतं.

पण क्रमानं सांगतो. लीलाधर माझ्या दुकानात आला त्याला अकरा वर्षं झाली. ठिबकच्या नळ्या घ्यायला आला होता. मागे भिंतीला माझी सायकल टेकवलेली होती, ती त्यानं एका बोटावर उचलून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, ही तर हलकी हाये. वरचं वझं कोन उचलतं?" वझं म्हणजे मी. तेव्हा माझं पोट चांगलं होतं. तो स्वतः कसा होता हे आज फोटो दाखवल्याशिवाय कुणाला पटायचं नाही. बैलासारखी मान, दारात अडतील असे खांदे. केळी कापणीच्या दिवसांत तो मजुरांबरोबर स्वतः घड वाहायचा. कापणारा खोडाला विळा मारतो, वाकलेला घड खाली येतो तो खांद्यावर झेलायचा, आणि फळाला डाग न लागू देता चिखलातून ट्रकपर्यंत चालत न्यायचा. दिवसभर. एकेक घड वीस-पंचवीस किलोचा. मजूर त्याला मुद्दाम मोठा घड द्यायचे आणि तो शिव्या देत घ्यायचा.

दोन महिन्यांत त्यानं सायकल घेतली आणि आमच्यात आला. सपाटीवर बरा चालायचा, घाटात मागे पडायचा. आमच्या गटात मला मास्तर म्हणतात. मी कुणाचा मास्तर नाही, पण आधी सुरुवात केली, चार पुस्तकं चाळली, परदेशी शर्यती पाहिल्या, तेवढ्यावर ते नाव चिकटलं आणि मला आवडलंही. एका रविवारी पालच्या वाटेवर तो धापा टाकत वर आला आणि त्यानं विचारलं, मास्तर, माझं कुठं चुकतं? मी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझे खांदे तुझे वैरी आहेत. वरचं मांस घाटात नुसतं ओझं. घड उचलणं बंद कर." सगळे हसले. तो हसला नाही. त्यानं ते मनावर घेतलं.

पुढच्या कापणीपासून तो बांधावर उभा राहू लागला. मजुरांना नवल वाटलं. त्याच्या आईला, अक्कांना, राग आला. मी घरी गेलो की त्या मला ऐकवायच्या की माझ्या पोराले तुम्ही चिलटाचं रूप दिलं, तो सायकलवर बसला की कोण कोणाले घेऊन चाललं ते कळत नाही. आम्ही दोघं हसायचो. पण शरीर बदलत होतं ते सगळ्यांना दिसत होतं. मांड्या आणि पोटऱ्या दगडात घडवल्यासारख्या झाल्या, आणि त्यांच्यावर जणू दुसऱ्याच माणसाचा वरचा भाग ठेवलेला. छाती आत गेली, गळ्याची हाडं वर आली, पाठीला हँडलवर वाकल्याचा बाक पडला तो जमिनीवर चालतानाही जाईना. एकदा आम्ही पारोळ्यावरून धुळ्याला गेलो होतो, तिथला एक सायकलवाला त्याच्याकडे बघून म्हणाला, "दादा, हाऊ माणूस शे का सायकलनी तार?" हा माणूस आहे का सायकलची तार, हे लीलाधरला इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर त्यानं ते मला तीनदा ऐकवलं. त्या वर्षी त्यानं पहिल्यांदा मला घाटात मागे टाकलं. वर पोहोचलो तर तो दगडावर बसून वाट पाहत होता, आणि मला बघून आधी त्यानं माझी बाटली भरून आणली. मला मागे टाकल्याचा शब्दही काढला नाही.

तो असाच होता. एरंडोलला थांबलो की शेवटचा माणूस येईपर्यंत चहा सांगू द्यायचा नाही. जर्सीच्या मागच्या खिशांत स्वतःच्या बागेतली केळी भरून आणायचा आणि सगळ्यांना सोलून द्यायचा. स्वतः अर्धंच खायचा. अर्धं केळं खाणारा केळीबागाईतदार म्हणून आम्ही त्याची थट्टा करायचो. ते अर्धं केळंही माझंच शिकवणं होतं. वजन कमी तर चढ सोपा, हे वाक्य मी किती जणांना किती वेळा सांगितलं असेल…

आणि मग मी पडलो. साधंच पडणं, गिरणा नदीच्या पुलाजवळ वाळूवर चाक सरकलं, हात टेकला आणि मनगट मोडलं. माझ्या डॉक्टरांना ते खटकलं. एवढ्याशा पडण्यानं एवढं मोडायला नको होतं म्हणाले आणि हाडांची तपासणी करायला लावली. मग समोर बसवून समजावलं. सायकल हृदयाला, फुप्फुसाला, पायाच्या स्नायूंना पुष्कळ देते. हाडाला फारसं देत नाही, कारण तुमचा भार सायकलची सीट उचलते. हाडावर भार पडला तरच ते भरतं. तासन्‌तास सायकल आणि जेवण तोलून-मापून, मग ते आतून पोकळ होत जातं. सायकल सोडू नका, म्हणाले, पण त्याच्या जोडीला वजन उचला, जोर-बैठका काढा, पायी चाला, पोटभर खा. "तुमची हाडं पंच्याहत्तरीची झालीत."

मी शहराच्या दुसऱ्या टोकाची व्यायामशाळा निवडली, आमचं कुणी तिकडे जात नाही म्हणून. दुपारी दुकान थंड असतं तेव्हा जायचो. मनगट भरून आल्यावर तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी एक दिवस माझ्या दोन्ही हातांत लोखंडी वजनं दिली आणि पाठ ताठ ठेवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. दम लागला तेव्हा मी विचारलं, हा कसला व्यायाम? त्या म्हणाल्या, "सर, याला फार्मर्स वॉक म्हणतात. शेतकऱ्याची चाल." मी तिथेच थांबलो. वजनं खाली ठेवली. त्यांना वाटलं मला चक्कर आली. मला बागेतल्या चिखलातून घड घेऊन चालणारा लीलाधर दिसत होता. ज्यानं त्याची हाडं भरत होती, नेमकं तेच मी त्याच्या खांद्यावरून उतरवलं होतं.

त्या संध्याकाळी मी त्याला फोन करायला हवा होता. एका वाक्याचं काम होतं. मी केला नाही. उद्या सांगू, रविवारी सांगू, सगळ्यांसमोर नको, एकटा सापडला की सांगू. तो कितीतरी वेळा एकटा सापडला. पद्मालयाच्या फाट्यावर मान चोळत बसला होता, म्हणाला, हल्ली घरातलं गॅसचं सिलिंडर उचलताना कंबर धरते. मी मलमाचं नाव सांगितलं. दुसऱ्या एका सकाळी त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, तुमचे खांदे भरले. काय खाऊ राह्यले?" मी म्हणालो, दुकानात हमाल मिळत नाही, मालाची उचलाउचल मलाच करावी लागते. तो हसला, "मंग घाटात मांगे पडाल." माझाच धडा त्यानं मला म्हणून दाखवला. मी हसून मान हलवली आणि पुढे पॅडल मारलं. अकरा वर्षं मास्तर म्हणवून घेतलेल्या माणसाला, माझं शिकवणं चुकलं, एवढं म्हणता येईना. दुपारी मी माझी हाडं भरत होतो आणि रविवारी त्याला अर्धं केळं खाताना बघत होतो. याला विसरणं म्हणत नाहीत.

शोकसभेनंतर मला घरात बसवेना. शेवटी मागच्या आठवड्यात बसनं सावद्याला गेलो. सायकलवर जायची हिंमत नव्हती. वहिनींनी चहा केला. मी कप हातात न घेता सगळं सांगितलं, मनगट, तपासणी, व्यायामशाळा, हमालाची थाप. त्या ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. मग खाली बघत म्हणाल्या, "मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. जरा वजन उचला, जरा नीट जेवा, माणूस वाळत चाललाय. ते एकच म्हणायचे. भाऊंनी सांगितलं तर उद्यापासून."

मला वाटलं, आता उठून जावं. मी उठलोही. वहिनी म्हणाल्या, अक्कांनाही तुम्हीच सांगा, मला जमायचं नाही.

अक्का बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना आता फार कमी ऐकू येतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी खाली बसून हलक्या आवाजात सुरुवात केली. त्यांनी कानामागे हात धरला, "काय म्हनतो रे बापा? मोठ्यानं बोल." मी थोडा आवाज चढवला. त्यांना कळेना. समोरच्या ओट्यावर दोन बायका डाळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. रस्त्यानं जाणारा एकजण सायकलवरून एक पाय टेकवून उभा राहिला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग मी पूर्ण आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की घड उचलू नको हे मीच त्याला शिकवलं होतं, ते चूक आहे हे मला नंतर कळलं, आणि कळूनही मी त्याला बोललो नाही. या वेळी अक्कांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी कानामागचा हात खाली घेतला. मग एवढंच विचारलं, "तुले कळलं व्हतं, मंग त्याले सांगतलं का नाही?"

या प्रश्नाला मी दीड महिना वेगवेगळी उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"लाज वाटली, अक्का," मी ओरडलो. "समदे मले मास्तर म्हनत होते, म्हनून लाज वाटली. माझं चुकलं. मले माफ करा."